कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके : भारतातल्या पहिल्या अ‍ॅनिमेशनची गोष्ट

पालकाचा डबा एका दमात संपवणारा पॉपाय पडद्यावर आला 1933 मध्ये. दरेकसापासून दादरपर्यंत आज कोणीही ही जुनी कार्टून्स मोबाइलवर बघतं. पण पॉपायच्या वीसेक वर्षं आधी मुंबईत एका माणसाने वाटाण्याला हिरो केलं होतं. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. पुढे छपाईचा धंदाही भागीदाराशी न पटल्याने सोडला. त्यात येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात सिनेमाच भरला. इतके सिनेमे पाहिले की काही काळ दृष्टी गेली.

बरे झाल्यावर 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तंत्र शिकून आले, कॅमेरा मागवला. आता पैसा कोण देणार? नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? मग कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा लावला. महिनाभर थोडं थोडं चित्रीकरण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल झाला. याला कार्टून म्हणता येणार नाही, पण एकेक फ्रेम टिपायची युक्ती अ‍ॅनिमेशनचीच. ही फिल्म पाहून कर्ज मिळालं. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तर सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या. आणि चूल विझली की काम संपलं असं नाही, रात्री फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हेही त्याच बघायच्या. आपण त्यांचं नाव फार कमी घेतो, हे खरंय. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. 3 मे 1913 ला कोरोनेशनमध्ये सिनेमा लागला. पुढच्या वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी सिनेमाही आला.

मग पहिलं महायुद्ध. परदेशातून येणारी कच्ची फिल्म मिळेना. मोठा सिनेमा शक्य नव्हता, तेव्हा चूल पेटवायच्या आगकाड्याच त्यांनी नट केल्या. एकेक काडी सरकवायची, एकेक फ्रेम घ्यायची. 1915 ची ‘आगकाड्यांची मौज’ म्हणजे भारतातलं सुरुवातीचं स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन. मिकी माऊस यायला अजून 13 वर्षं होती.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा ‘गंगावतरण’ शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले, तेही हलाखीत. ‘आगकाड्यांची मौज’ची एकही प्रत आज उरलेली नाही.