हरि नारायण आपटे : ऐतिहासिक कादंबरीतील पार्श्वभूमीचा प्रश्न

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृछत्र बालपणीच हरपल्यामुळे त्यांचे संगोपन चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्याकडे, प्रथम मुंबईस व १८७८ नंतर पुण्यास झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक व आगरकर यांचा सहवास त्यांना लाभला. गणितातील अपयशामुळे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. परंतु इंग्रजी व संस्कृत ग्रंथांचा व्यासंग वाढतच गेला. पुढे चुलत्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि उपजीविकेची चिंता मिटून लेखनास स्वास्थ्य मिळाले.

‘मधली स्थिति’ (१८८५) पासून त्यांनी सामाजिक कादंबरीला वास्तवाची वाट दाखविली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले व ते १९१७ पर्यंत चालविले. त्यांची ऐतिहासिक कादंबरी मुख्यतः याच पत्रातून क्रमशः वाचकांपुढे आली, ही गोष्ट तिच्या रचनेच्या दृष्टीने निर्णायक ठरते. दर आठवड्याचा वाचक पूर्वपीठिकेसाठी थांबण्यास तयार नसतो, आणि ती मुळीच न दिल्यास प्रसंगांचा अर्थही त्यास उमगत नाही. त्यातच प्रसिद्ध झालेले प्रकरण मागे घेऊन सुधारण्याची सोय क्रमशः लेखनात नसते.

‘म्हैसूरचा वाघ’ ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेली असल्याने तेथे ऐतिहासिक चौकट आयतीच मिळाली होती. ती स्वतः उभारण्याचा खरा प्रश्न ‘उषःकाल’ (१८९५-९७) मध्ये उपस्थित झाला. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. म्हणजे शिवकालाविषयीची साधने अद्याप विरळ होती. आपट्यांनी शिवाजी महाराजांना सर्वस्वी कथानायक न करता सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचे पुत्र नानासाहेब यांचे घर केंद्रस्थानी ठेवले. पित्याची निष्ठा विजापूरच्या दरबाराशी, पुत्राचा ओढा स्वराज्याकडे. दरबारी चाकरी, वतनाची आस, अन्यायाची चीड या गोष्टी येथे इतिहासाची माहिती म्हणून न येता पितापुत्रांतील दुराव्याची कारणे म्हणून येतात. त्यामुळे त्या काळच्या राज्यव्यवस्थेचे ज्ञान वाचकास नकळत होते. कल्पित कुटुंब पुढे आणि ऐतिहासिक पुरुष किंचित मागे ही योजना स्कॉटच्या परंपरेतील असली, तरी एकत्र कुटुंबातील मर्यादा आणि आज्ञाधारकता यांचे तपशील सामाजिक कादंबरीकार आपट्यांचे आहेत.

ही योजना सर्वत्र निर्दोष राहिली नाही. निवेदक वारंवार वाचकांना उद्देशून बोलतो आणि पाल्हाळ वाढतो. घडून गेलेल्या गोष्टी सांगण्यासाठी मुख्य कथा बराच काळ अडून राहते. उलट १६७० मधील कोंढाण्याच्या विजयावरील ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३-०४) ही आटोपशीर ठरली. तेथे शेवट वाचकांना पोवाड्यांतून आधीच ठाऊक होता. म्हणून लेखकाने माहितीपेक्षा उत्कंठेकडे लक्ष दिले. उदेभानूच्या तावडीत सापडलेल्या कमलकुमारीची कथा जोडून गड घेण्याच्या राजकीय निकडीला एका व्यक्तीच्या सुटकेची निकड दिली. मात्र या कल्पित जोडीचा परिणाम असा की, अनेक वाचकांच्या मनात कथा आणि इतिहास यांची सीमारेषा पुसट झाली. पार्श्वभूमी सहज मुरविण्यात मिळालेल्या यशाचीच ही दुसरी बाजू होय.

‘वज्राघात’ मध्ये १५६५ मधील विजयनगरचा पाडाव आहे. साम्राज्याच्या नाशाची कारणे रामराजाच्या खाजगी जीवनातील जुन्या अपराधाशी गुंफली गेल्याने विस्तृत राजकारण एका शोकांतिकेच्या आटोक्यात आले. ‘सूर्यग्रहण’ मात्र अपुरेच राहिले.

१९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले आणि १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात त्यांनी मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने दिली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साधनांची विपुलता नंतरच्या कादंबरीकारांना लाभली. परंतु कोणता तपशील पात्राच्या सुखदुःखाशी बांधला जातो आणि कोणता केवळ माहिती म्हणून उरतो, हा विवेक मराठी कादंबरीला प्रथम आपट्यांच्या यशापयशांतूनच शिकावा लागला.