पालवणकर बाळू : एका थोर गोलंदाजाचें चरित्र

क्रिकेटच्या खेळांत फलंदाजाचे टोले सर्वांच्या डोळ्यांत भरतात. जो गोलंदाज भर उन्हांत तासचे तास चेंडू टाकून प्रतिपक्षास रोखून धरतो, त्याचे श्रम मात्र लोक लवकर विसरतात. अशा एका गोलंदाजाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव पालवणकर बाळू. आपल्या देशांतील पहिल्या थोर गोलंदाजांत त्यांची गणना होते. परंतु त्यांना जें झुंजावें लागलें, तें केवळ समोरच्या फलंदाजांशीं नव्हे.

बाळूंचा जन्म 1876 सालीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें व चांभार जातीचें. म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य मानलेलें. वडील लष्करांत नोकरीस असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्यास गेलें. गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या बॅटी व जुने चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम खेळूं लागले. घरची स्थिति बेताची, म्हणून बाळूंस लहानपणींच मिळवतें व्हावें लागलें. पारशी लोकांच्या एका क्लबांत मैदान झाडणें व खेळपट्टीवर रूळ फिरविणें हें त्यांचें पहिलें काम; पगार दरमहा 3 रुपये. पुढें 1892 च्या सुमारास युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत त्यांना दरमहा 4 रुपयांची चाकरी मिळाली.

तेथें रूळ फिरवावा, रेघा आंखाव्या, सरावाचीं जाळीं उभारावीं, आणि साहेबलोक सरावास आले म्हणजे त्यांना चेंडू टाकावे, असा त्यांचा दिनक्रम असे. क्लबांतील नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे इतरांच्या आधीं येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्याबद्दल ते दर खेपेस 8 आणे बक्षीस देत, असें सांगतात. साहेबांची बॅट सुधारली आणि चाकराचा हातही तयार झाला. मात्र त्या जाळ्यांत बाळूंच्या हातीं बॅट कधींच आली नाहीं. फलंदाजी हा धन्याचा मान आणि गोलंदाजी ही चाकराची मेहनत, अशी त्या काळची समजूत होती.

बाळू डाव्या हातानें मंदगति गोलंदाजी करीत. असा गोलंदाज वेगानें भिववीत नाहीं, तो बुद्धीनें फसवितो. तो चेंडूस उंची देऊन फलंदाजास पुढें ओढतो. चेंडू जमिनीवर पडतांच वळतो आणि उजव्या हाताच्या फलंदाजाच्या बॅटीबाहेर निसटूं पाहतो. एक चेंडू किंचित् जलद, दुसरा किंचित् मंद. एक वळणारा, दुसरा सरळ जाणारा. हा फरक फलंदाजास कळूं न देणें ही खरी कला होय. ती पुस्तकांतून येत नाहीं. हजारों चेंडू टाकल्यावर बोटांत मुरते.

पुण्यांतील हिंदु खेळाडूंस युरोपियनांचा पराभव करावयाचा होता, आणि त्यासाठीं लागणारा गोलंदाज त्यांच्याच गांवीं होता. परंतु त्यास संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठा वाद माजला. शेवटीं त्यास घेतलें. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वजण झेलीत; पण चहाची वेळ झाली म्हणजे इतर गडी तंबूंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंस तो बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणही त्यांनीं निराळें बसून घ्यावें. ज्या हातानें जिंकून दिलें, त्या हाताचा पेला मात्र विटाळाचा! चेंडूस विटाळ होत नाहीं, मग पेल्यास कां व्हावा, हा प्रश्न त्या वेळीं कित्येकांच्या मनांत आला असेल. उघडपणें विचारणारे थोडे निघाले.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईस आले, हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले आणि रेल्वेंत नोकरीस राहिले. 1906 सालीं मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा जो सामना झाला, तो हिंदूंनीं 109 धांवांनीं जिंकला. या विजयांत बाळूंचा वाटा मोठा होता, व बंधु शिवरामही संघांत होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळांत हरवितां येतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

1911 सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं एक हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्यांत बाळू व शिवराम हे दोघेही होते. संघास पराभवच अधिक पत्करावे लागले. पण बाळूंनीं त्या दौऱ्यांत एकंदर 114 गडी बाद केले. तेव्हां त्यांचें वय पस्तिशीचें होतें व खांदाही दुखत होता. लेस्टरशायर व सॉमरसेट या परगण्यांच्या संघांवर हिंदी संघानें विजय मिळविले. सर्व कारकीर्दींत प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांनीं 179 गडी बाद केले, आणि दर गड्यामागें त्यांनीं सरासरी पंधरांहून किंचित् अधिक धांवा दिल्या.

एवढें करूनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आलें नाहीं. अन्यत्रही असा भेद होता. खुद्द इंग्लंडांत खेळून पोट भरणाऱ्या धंदेवाईक खेळाडूस मैदानावर येण्याचें दारही निराळें असे, आणि विसाव्या शतकांत असा खेळाडू इंग्लंडचा कायमचा कर्णधार प्रथम झाला तो 1952 सालीं, लेन हटन. तेथें भेद वर्गाचा होता, येथें जातीचा. 1920 सालीं पुण्याच्या चौरंगी सामन्यांतून बाळूंस वगळण्यांत आलें आणि कर्णधारपदासाठीं त्यांच्या बंधूंचाही विचार झाला नाहीं. तेव्हां शिवराम व विठ्ठल या दोघां बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें व आपलें म्हणणें जाहीरपणें लोकांपुढें मांडलें. लोकमताचा रेटा वाढला. अंतिम सामन्यांत बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पुढें 1923 सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले, आणि त्याच वर्षीं संघानें चौरंगी स्पर्धा जिंकली. जें वडील बंधूस मिळालें नाहीं, तें धाकट्यास मिळालें.

उत्तर आयुष्यांत बाळू राजकारणांत शिरले. 1932 च्या पुणें करारावर सह्या करणाऱ्यांत तेही होते. 1937 सालीं मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉक्टरांस 13,245 मतें पडलीं, बाळूंस 11,225. ज्या डॉक्टरांस तरुणपणीं बाळूंच्या कीर्तीचा अभिमान वाटे, त्यांच्याशींच हा सामना पडला. आमच्या या शहरांत, छत्रपति संभाजीनगरांत, नागसेनवनावरून जातांना मिलिंद महाविद्यालय दिसतें. तें त्याच डॉक्टरांनीं 1950 सालीं सुरू झालेल्या संस्थेच्या रूपानें उभें केलें. दोघांचे मार्ग भिन्न झाले, परंतु दोघांनाही एकाच भिंतीशीं झगडावें लागलें होतें.

4 जुलै 1955 रोजीं मुंबईस बाळूंचा अंत झाला.

विद्यार्थीमित्रहो, गुण असला म्हणजे सर्व द्वारें आपोआप उघडतात, असें आपण पुष्कळदां ऐकतों. बाळूंचें चरित्र याहून कांहींसें निराळें सांगतें. त्यांच्या गुणानें मैदानाचें द्वार उघडलें, पण तंबूचें नाहीं. तें उघडण्यासाठीं दुसऱ्यांनीं न्यायास उभें राहावें लागलें. शिवराम व विठ्ठल यांनीं सामना सोडला, तेव्हां त्यांनीं एका खेळाचा आनंद गमावला. पण त्यांनीं जें मिळविलें तें कोणत्याही ढालीहून मोठें होतें. तुमच्यापैकीं प्रत्येकास बाळूंसारखा हात लाभणार नाहीं. परंतु खेळ संपल्यावर सर्व गड्यांनीं एका पंक्तीस बसून एकाच घागरीचें पाणी प्यावें, एवढें तर आपणां सर्वांच्याच हातीं आहे. पालकांसही आमची हीच विनंति कीं, मुलगा मैदानावरून घरीं आला म्हणजे त्यानें किती धांवा काढल्या हें अवश्य विचारावें. आणि त्याबरोबर, कोणी गडी बाहेर एकटा उभा तर नव्हता ना, हेंही विचारावें.