बाबासाहेब मुंबईत हरले, पण सोलापूरने फेडरेशनचा खासदार दिल्लीला पाठवला : बापूसाहेब राजभोज यांची गोष्ट

आजच्या खासदाराचं प्रगतिपुस्तक मोबाइलवर मिळतं. हजेरी किती, प्रश्न किती, कुठल्या विधेयकावर मत काय. हेच पुस्तक सोलापूरच्या पहिल्या खासदारांचं उघडलं तर?

पहिल्या 'खासदारांचं' म्हणायचं, कारण ते दोन होते. १९५२ मध्ये सोलापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले. राखीव जागेवर आले पांडुरंग नथुजी राजभोज, म्हणजे बापूसाहेब राजभोज. पक्ष होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि निशाणी हत्ती.

त्याच निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पडले. देशभरात फेडरेशनचे दोनच खासदार लोकसभेत पोचले, एक सोलापूरचे राजभोज आणि दुसरे हैदराबाद राज्यातल्या करीमनगरचे एम. आर. कृष्णा.

राजभोज काही सोलापूरचे नव्हते. जन्म १५ मार्च १९०५ चा, नाशिक जिल्ह्यातला, चर्मकार कुटुंबातला. सार्वजनिक आयुष्य घडलं पुण्यात. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह झाला, त्यात सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि राजभोज जखमी झाले. पुढच्याच वर्षी नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह झाला, तिथेही ते होते.

एवढं वाचून वाटेल की हा माणूस पहिल्यापासून बाबासाहेबांचा. पण तसं नाही. १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त, यावरून वाद पेटला तेव्हा राजभोज संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. येरवड्यात गांधीजींचं उपोषण सुरू असताना त्यांचा गांधीजींशी संपर्क होता आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. त्यानंतरची काही वर्षं ते गांधीजींच्या हरिजनसेवेच्या कामाजवळ राहिले.

मग १९४२ उजाडलं. नागपुरात फेडरेशन स्थापन झालं, अध्यक्ष एन. शिवराज आणि सरचिटणीस राजभोज. विरोधी बाजूचा माणूस थेट सरचिटणीस कसा? इथे जातीचं गणित आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या चळवळीचा कणा महार समाज होता. चर्मकारांचे बरेच पुढारी काँग्रेसकडे होते, काजरोळकर त्यातलेच. अशा वेळी राजभोजांसारखा चर्मकार नेता सरचिटणीस होणं फेडरेशनसाठी मोठी गोष्ट होती. राजभोजांनीही काम ओढलं. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनच्या योजनेविरुद्ध फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला, त्यात ते पुढे होते. मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, तेव्हा बरोबर राजभोज होते.

आता पुन्हा सोलापूर. हे शहर फेडरेशनला परकं नव्हतं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे इथूनच निवडून आले होते. पण द्विसदस्य मतदारसंघ हे प्रकरणच वेगळं होतं. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणजे राखीव जागेचा उमेदवारही सगळ्या जातींच्या मतांवर ठरणार.

यातून 'मत कुजवणे' नावाची युक्ती निघाली. एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं वाया घालवायचं, म्हणजे बाकीच्यांची बेरीज वाढत नाही. उत्तर मुंबईत हजारो मतं अशी कुजवली गेल्याची तक्रार घेऊन बाबासाहेब आणि त्यांच्या जोडीचे समाजवादी उमेदवार अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले होते. सोलापुरात मात्र काँग्रेसच्या दोन्ही जागा गेल्या.

लोकसभेत राजभोजांनी मतं कशी दिली? इथे प्रगतिपुस्तकाची मर्यादा कळते. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय' वाले ओरडतात, 'नाही' वाले ओरडतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय ओरडलं याची नोंद राहत नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच नावनिशी मतं नोंदली जातात. तेव्हा बटणंही नव्हती, सदस्य उठून लॉबीत जात आणि तिथे मोजणी होई. बटणाची यंत्रणा लोकसभेत आली १९५७ मध्ये, म्हणजे राजभोजांची मुदत संपली तेव्हा. घटनादुरुस्तीला मात्र मोजणी टळत नाही, कारण दोन तृतीयांश बहुमत सिद्ध करावं लागतं. पहिल्या लोकसभेत दुसरी ते सातवी अशा सहा घटनादुरुस्त्या झाल्या. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा आणि त्याच वर्षीचा हिंदू विवाह कायदाही याच सभागृहातले.

पण राजभोजांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय सभागृहाबाहेर झाला. १९५५ च्या सुमारास बाबासाहेबांशी त्यांचं फाटलं. ते फेडरेशनमधून बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले.

तेव्हाचं वातावरण बघा. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने मागणी केली की कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा. हे आज ऐकून धक्का बसतो. पण बाबासाहेबांचा अनुभव कडू होता. सगळ्यांच्या मतांवर निवडून येणारा राखीव जागेचा आमदार-खासदार आपल्या समाजापेक्षा मोठ्या पक्षाला बांधला जातो, हा त्यांचा आक्षेप पुणे करारापासूनचा. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले होते. राजभोजांना संधीसाधू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते घाईचं वाटतं. संयुक्त मतदारसंघावर त्यांचा १९३२ पासून विश्वास होता आणि सोलापूरने तो खरा करून दाखवला होता. पण फेडरेशनच्या कार्यकर्त्याच्या जागेवरून बघितलं तर हत्तीवर शिक्के मागून मिळवलेली मोजकी जागा हातची गेली, हेही तितकंच खरं. करीमनगरचे कृष्णाही १९५७ ची निवडणूक काँग्रेसकडूनच लढले. म्हणजे फेडरेशनचे दोन्ही खासदार काँग्रेसवासी झाले. शंकरराव मोरेही शेकाप सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले.

गंमत अशी, की १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत फेडरेशनचे देशात सहा खासदार निवडून आले आणि राजभोज त्यांच्यात नव्हते. ते १९५७ ते १९६२ राज्यसभेत होते, काँग्रेसच्या बाकांवर. त्याच काळात, डिसेंबर १९५९ मध्ये, आठवी घटनादुरुस्ती संसदेत आली. दहा वर्षांसाठी दिलेल्या राखीव जागांची मुदत आणखी दहा वर्षं वाढवणारी. फेडरेशनने ज्या जागा नकोत म्हटलं होतं, त्या टिकल्या. द्विसदस्य मतदारसंघ मात्र १९६१ च्या कायद्याने बंद झाले. एका मतदारसंघाचे दोन खासदार हा प्रकार संपला.

राजभोज २९ जुलै १९८४ ला गेले. पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा काढून घेणारा पक्षांतरबंदी कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये.