कीथ ग्रीन
कीथ गॉर्डन ग्रीन (२१ ऑक्टोबर, इ.स. १९५३ - २८ जुलै, इ.स. १९८२) हे अमेरिकन गायक, पियानोवादक व गीतकार होते. समकालीन ख्रिश्चन संगीताच्या आरंभीच्या प्रमुख कलावंतांत त्यांची गणना होते.

वयाच्या अकराव्या वर्षी डेक्का रेकॉर्ड्सने त्यांच्याशी करार केला. परंतु बालगायक म्हणून मिळालेली प्रसिद्धी टिकली नाही. पुढे त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. 'नो कॉम्प्रोमाइज' (इ.स. १९७८) या अल्बमनंतर, धर्मसंदेशाची किंमत आकारू नये या भूमिकेतून त्यांनी स्पॅरो रेकॉर्ड्सशी असलेला करार सोडला. घर गहाण ठेवून त्यांनी इ.स. १९८० मध्ये पुढील अल्बम स्वतः काढला. तो श्रोत्यांना ऐपतीप्रमाणे, प्रसंगी विनामूल्यही दिला जाई.

टेक्सासमधील लिंडेलजवळ क्षमतेपेक्षा अधिक भार असलेले विमान कोसळून ग्रीन, त्यांची दोन मुले व अन्य नऊ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी ग्रीन २८ वर्षांचे होते.