विश्लेषण : रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली, मोजपट्टी हाती आली... लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना कसा उभारला?

साखर कारखान्यातील उसाच्या रसाचे तापमान असो, फाउंड्रीतील वितळलेल्या लोखंडाची उष्णता असो किंवा पंपातील पाण्याचा दाब असो; आज हे सारे सेन्सर मोजतात. पीएलसी नावाचा छोटा औद्योगिक संगणक त्या आकड्यांनुसार झडपा उघडतो, बंद करतो. सातारा-सांगली पट्ट्यातील अनेक तरुण हेच मोजमाप आणि स्वयंचलनाचे तंत्र शिकत आहेत. पण सेन्सर आणि संगणक नव्हते, तेव्हा याच भागात यंत्रांचे उत्पादन कसे सुरू झाले? त्याचे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात सापडते.

चित्रकलेचा विद्यार्थी यंत्रांकडे कसा वळला?

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासापेक्षा त्यांना चित्रे आणि यंत्रे यांची ओढ अधिक. घरातून विरोध असतानाही थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

दोन वर्षांनी अडचण समोर आली. काही रंगांतील फरक त्यांना ओळखता येत नव्हता. रंगचित्रे काढणाऱ्यासाठी हा मोठाच अडसर होता. त्यांनी रंगकाम सोडले, पण यांत्रिक ड्रॉइंगचे शिक्षण चालू ठेवले. यंत्राच्या आराखड्यात रंग लागत नाही. लागते ती रेष, कोन आणि अचूक माप. पुढे मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले.

नोकरी का सोडली?

नोकरी सुरू असतानाच, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. दरम्यान, संस्थेत हक्काची बढती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठले.

तेथे लहानशा वर्कशॉपमध्ये कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

नांगर बनवणे इतके अवघड का होते?

नांगराचे ओतीव भाग तयार करताना आधी लाकडी फर्मा करतात, त्यावरून वाळूचा साचा बनतो आणि त्यात वितळलेले लोखंड ओतले जाते. थंड होताना ओतीव लोखंड साधारण एक टक्का आकसते. म्हणजे ५०० मिलिमीटरचा भाग हवा असेल, तर फर्मा सुमारे पाच मिलिमीटरने मोठा ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला, तर बोल्टची भोके जुळत नाहीत.

दुसरा प्रश्न कडकपणाचा. लोखंड फार लवकर थंड झाले तर ते कडक, पण ठिसूळ होते. सावकाश थंड झाले तर मऊ राहते आणि लवकर झिजते. ऐन पेरणीपूर्वी फाळ मोडला, तर शेतकऱ्याचा हंगामच धोक्यात येतो. त्या काळात भट्टीतील उष्णता प्रामुख्याने रसाचा रंग पाहून आणि अनुभवाने ओळखली जाई. आज पायरोमीटर हे काम करतो आणि १,३०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमानही आकड्यात दाखवतो. हवे ते माप ठरवणे, प्रत्यक्ष मोजणे, फरक काढणे आणि दुरुस्ती करणे, हे चक्र मात्र तेव्हाही तेच होते. फरक इतकाच, की ते पूर्ण माणसांच्या हातून चाले.

बेळगाव सोडण्याची वेळ का आली?

धंदा जरा कुठे बाळसे धरत होता, तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याच्या जागेवर नवी वस्ती वसवण्याचे ठरवले. यंत्रे, कामगार आणि तयार माल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

ती जागा म्हणजे ३२ एकरांचा ओसाड माळ. सगळीकडे निवडुंग आणि नागांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी येथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. हा भाग तेव्हा सातारा परिसरातील संस्थानी मुलखात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

या माळावर काम करायला आले कोण?

पंचविसेक कामगार कुटुंबांसह आले. हिशेब मंगेशराव रेगे पाहत, बाहेरची धावपळ के. के. कुलकर्णी करत. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटले होते, पण यंत्र रचनेत त्यांची बुद्धी चाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ ठरवला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल मिळणे कठीण झाले. देशी नांगराची मागणी वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनीची नोंदणी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बेंगळूरुत विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

१९४७ मध्ये सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेच आजचे वालचंद महाविद्यालय. १९६० मध्ये कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. येथे शिकणाऱ्यांच्या हाती आज स्काडाचे पडदे आणि डिजिटल ट्रान्समीटर आहेत. पण पडद्यावरचा आकडा खरा आहे का, हे तपासण्यासाठी उपकरणाचे कॅलिब्रेशन करावेच लागते. आकडाच चुकीचा असेल, तर स्वयंचलित यंत्रणा तीच चूक न थकता करत राहते. भट्टीत काय घडते आणि फाळ का मोडतो, हे ठाऊक असलेल्यालाच ती चूक लवकर दिसते.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि निवडुंगाच्या त्या माळावर आजही पंप तयार होतात.