न पाहिलेला गेंडा

जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात सन १४७१ मध्ये एका सोनाराच्या घरी आल्ब्रेख्त ड्यूररचा जन्म झाला. नक्षी कोरण्याचे शिक्षण त्याला वडिलांनीच दिले. परंतु मुलाचा ओढा चित्रांकडे. तेराव्या वर्षी त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. ते आजही जपून ठेवलेले आहे. शिकविण्यात घालविलेला काळ फुकट गेला, याची वडिलांना हळहळ वाटली. तरी सन १४८६ मध्ये त्यांनी त्याला एका चित्रकाराच्या हाताखाली ठेवले. पुढे तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरताना मात्र सोनाराची ती विद्याच त्याच्या कामी आली.

ड्यूररची दृष्टी विलक्षण सूक्ष्म होती. सन १५०२ मध्ये त्याने रंगविलेल्या सशाच्या अंगावरील केस न् केस वेगळा दिसतो. डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंबही आहे. पुढच्या वर्षी त्याने रंगविण्यासाठी निवडले काय, तर गवताचे एक ढेकूळ!

पण हुबेहूब रूप उतरवूनच तो थांबला नाही. मनातील भाव तो प्राण्यांकडून वदवून घेई. सन १५०४ च्या एका चित्रात आदाम आणि एवा हे बायबलातील पहिले जोडपे निषिद्ध फळ खाण्याच्या बेतात आहे. त्यांच्या पायांशी मांजर बसले आहे, आणि जवळच उंदीर निर्धास्त आहे. जगात अजून वैर नाही. फळ खाल्ले जाताच मांजर झडप घालणार, हे पाहणाऱ्याने ओळखायचे! सन १५१४ मध्ये ड्यूररची आई वारली. त्याच वर्षीच्या एका चित्रात पंख असलेली एक विषण्ण स्त्री गालाला हात लावून बसली आहे. हत्यारे विखुरली आहेत, कृश कुत्रा अंग आखडून निजला आहे आणि आकाशात वटवाघूळ उडत आहे.

गेंड्याची हकीकत याहून नवलाची आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो पाहिला नाही. ऐकीव वर्णन आणि कोणाचे तरी कच्चे रेखाटन यांवरूनच त्याने चित्र काढले. कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले, पायांवर खवले आले, आणि खांद्यावर दुसरे लहान शिंग उगवले. आपल्याकडील गेंड्याला तर एकच शिंग असते! लाकडी ठशाने ते चित्र घरोघर गेले, आणि दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील लोक त्यालाच खरा गेंडा मानीत राहिले. खरा गेंडा बिचारा पोपकडे नेला जात असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला.

सन १५२० च्या डिसेंबरात ड्यूरर नेदरलंड्समध्ये होता. झीलंडच्या किनाऱ्याला एक प्रचंड देवमासा लागल्याचे त्याच्या कानी आले. या वेळी ऐकीव माहितीवर न थांबता तो ऐन थंडीत निघाला. वाटेत वादळी वाऱ्याने त्याची नाव समुद्राकडे ओढली जाऊ लागली. मोठ्या कष्टाने प्राण वाचले. पण तो पोहोचण्यापूर्वीच भरतीच्या पाण्याने देवमासा वाहून नेला होता. या प्रवासानंतर त्याला ताप जडला व प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही. सन १५२८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे तो निवर्तला. देवमासा त्याला पाहावयास मिळाला नाही तो नाहीच.