बिनपगारी प्राध्यापिकेचे जादूचे आकडे

मैत्रिणींनो, नोबेल मिळवणारी स्त्री शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला चटकन मेरी क्युरी आठवते. १९०३ साली तिला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर याच विषयात दुसऱ्या स्त्रीला हा मान मिळायला तब्बल ६० वर्षं जावी लागली. ती दुसरी स्त्री म्हणजे मारिया गोपर्ट मेयर. आश्चर्य म्हणजे आयुष्याची कितीतरी वर्षं तिनं विद्यापीठात अक्षरशः फुकट काम केलं!

मारियाचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोवित्स इथे झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील मुलांचे डॉक्टर आणि प्राध्यापक. त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापकीची परंपरा. एकुलत्या एक लेकीनं नुसतं घर सांभाळत बसू नये, असं वडिलांना मनापासून वाटायचं. १९१० मध्ये हे कुटुंब गॉटिंगेनला आलं. मोठमोठे गणिती आणि शास्त्रज्ञ तिथे शेजारीपाजारीच राहत. मुलींना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करणारी गावातली शाळा महागाईच्या काळात बंद पडली, तरी मारियानं परीक्षा दिलीच आणि उत्तीर्णही झाली.

१९२४ मध्ये ती गणित शिकायला विद्यापीठात गेली. पण मॅक्स बॉर्न यांच्यामुळे भौतिकशास्त्राकडे वळली. वडील १९२७ मध्ये वारले. मग आईनं घरात भाडेकरू विद्यार्थी ठेवले. त्यांच्यातलाच एक अमेरिकन तरुण, जो मेयर. १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी मारियाला डॉक्टरेटही मिळाली. एकच कण एकाच वेळी प्रकाशाचे दोन कण शोषून घेऊ शकतो, असं तिनं प्रबंधात गणितानं मांडलं होतं. त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९६१ मध्ये, लेसरचा शोध लागल्यावर. या मोजमापाच्या एककाला आज तिचंच नाव आहे.

लग्नानंतर ती अमेरिकेत बाल्टिमोरला आली. नवऱ्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी मिळाली. हिला मात्र नाही! नवरा-बायको दोघांना एकाच विद्यापीठात नेमायचं नाही, असा दंडक. त्यातून मंदीचे दिवस. जर्मन पत्रव्यवहारात मदत केल्याबद्दल किरकोळ मानधन तेवढं मिळे. पण ती घरी बसली नाही बरं का! तिनं संशोधन चालूच ठेवलं, शिकवलंही. १९३३ मध्ये मुलगी झाली, १९३८ मध्ये मुलगा. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही तीच गत. बसायला खोली मिळाली, पगार नाही. पहिली खरी पगारी नोकरी लागली ती डिसेंबर १९४१ मध्ये, मुलींच्या एका कॉलेजात, तीही अर्ध्या वेळेची.

१९४६ मध्ये मेयर दांपत्य शिकागोला आलं. इथेही मारिया विद्यापीठाची बिनपगारी प्राध्यापिकाच. पगार मिळे तो जवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ कामाचा. पण इथेच तिच्या हातून मोठं काम झालं.

ते समजायला फार अवघड नाही. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक चिमुकलं केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण दाटीवाटीनं बसलेले असतात. यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असली, की ते केंद्रक विशेष पक्कं असतं. कल्हईच्या कथलाचंच बघा. त्यात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे तब्बल १० टिकाऊ प्रकार निसर्गात आहेत. या आकड्यांना जादूचे आकडे म्हणत. पण हेच आकडे का, ते कुणाला सांगता येईना.

मारियाला वाटलं, हे कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थराथरांत बसत असतील. एक थर पूर्ण भरला की केंद्रक पक्कं. पण हिशेब जुळत नव्हता. एकदा एन्रिको फर्मी तिच्याशी बोलता बोलता फोन घ्यायला निघाले आणि जाता जाता त्यांनी विचारलं, की कणांच्या स्वतःभोवती फिरण्याचा काही संबंध असेल का? त्यासरशी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

हे ती वॉल्ट्झ नाचाच्या उदाहरणानं समजावून देई. आपण मंगळागौरीचा फेर डोळ्यांसमोर आणू या. फेरातली प्रत्येक बाई गोल फिरतेय आणि फिरता फिरता स्वतःभोवती गिरकीही घेतेय. फेर ज्या दिशेनं, गिरकीही त्याच दिशेनं घेतली तर सोपं जातं, उलट घेतली तर जास्त दमायला होतं. केंद्रकातही असंच. दोन्ही फिरणी एका दिशेनं असलेल्या कणांची ऊर्जा कमी, उलट्यांची जास्त. या फरकानं थरांची मांडणी बदलते आणि सगळे जादूचे आकडे चोख जुळतात. वुल्फगांग पाउली हे शास्त्रज्ञ तर तिला थट्टेनं कांद्याची मॅडोना म्हणत.

१९४९ मध्ये हेच उत्तर जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे काढलं. आता भांडण होणार असं वाटेल. पण दोघांची मैत्री झाली आणि १९५५ मध्ये दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं.

पूर्णवेळ, पगारी प्राध्यापकपद तिला मिळालं १९६० मध्ये, सॅन डिएगोला. तेव्हा पन्नाशी कधीच उलटली होती. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत पक्षाघाताचा झटका आला, तरी तिनं काम सोडलं नाही. १९६३ मध्ये नोबेल मिळालं. अर्धं युजीन विग्नर यांना आणि उरलेल्या अर्ध्यात ती आणि येन्सन. तिथल्या एका वर्तमानपत्रानं मथळा दिला, तो गावातल्या एका आईला नोबेल मिळाल्याचा. तिचं नावही त्या मथळ्यात नव्हतं! २० फेब्रुवारी १९७२ रोजी ती गेली.

तिचे जादूचे आकडे अजून शास्त्रज्ञांना कामाला लावतात. २०१३ मध्ये जपानमधल्या प्रयोगात कॅल्शियमच्या एका अल्पायुषी प्रकारात ३४ न्यूट्रॉनही जादूच्या आकड्यासारखे वागताना दिसले. उलट २०२३ मध्ये जपानमध्येच ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन असलेला ऑक्सिजन तयार केला गेला. दोन्ही आकडे जादूचे, तरी तो क्षणार्धात फुटला. हे असं का होतं, याचाच शोध आज चालू आहे, आणि त्याची सुरुवात होते ती मारियाच्या थरांपासून.

पगार नाही म्हणजे काम नाही, असं समजणाऱ्यांनी तिची गोष्ट जरूर ऐकावी. आणि आपणही, कुणी काय करता असं विचारलं की काही नाही, घरीच असते, असं म्हणण्याआधी तिला एकदा आठवावं, नाही का?